मराठी पुस्तकाची फाइल: खिळ्यांपासून ई-बुकपर्यंत नेमकं काय बदललं?

दुकानात एखादं जुनं मराठी पुस्तक मागितलं की बरेचदा उत्तर मिळतं, "संपलंय, नवी आवृत्ती नाही आली." लेखक नावाजलेला असतो, पुस्तकाला थोडीफार मागणी असते, प्रकाशकही अजून व्यवसायात असतो. मग पुस्तक का मिळत नाही? डिजिटल तंत्रज्ञानामुळे पुस्तकव्यवसायात काय बदललं हे समजून घ्यायचं तर या प्रश्नापासून सुरुवात करणं सोयीचं आहे.

ई-बुक, ऑडिओबुक, ऑनलाइन दुकानं हे बदल वाचकाला दिसतात. हे सगळे ज्या बदलावर उभे आहेत तो मात्र दिसत नाही. पुस्तकाचा मजकूर आता संगणकातली एक फाइल आहे. ती फाइल कशी तयार झाली, कोणाकडे आहे आणि आज उघडते का, यावर पुस्तक पुन्हा छापलं जाणार की नाही, फोनवर नीट वाचता येणार की नाही, शोधल्यावर सापडणार की नाही हे ठरतं. मराठीसाठी हा प्रश्न निकडीचा आहे, कारण १९९० नंतरच्या दोन दशकांतल्या आपल्या बहुतेक पुस्तकांच्या फायली अशा पद्धतीने बनल्या की त्यांतला मजकूर आज जसाच्या तसा वापरता येत नाही.

खिळे, फर्मे आणि दुसरी आवृत्ती

खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरठशांच्या छपाईत जुळारी खिळ्यांच्या पेटीच्या (केसच्या) खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं यांमुळे देवनागरीला रोमन लिपीच्या कितीतरी पट जास्त खिळे लागत. जुळणी झाली की गॅली प्रूफ, म्हणजे तपासणीची कच्ची प्रत, निघायचं, मुद्रितशोधक दुरुस्त्या करायचा आणि मग आठ किंवा सोळा पानांचा फर्मा बांधून यंत्रावर चढवला जायचा. छापून झालं की खिळे सोडवून परत खणांत टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच खिळे लागायचे. सगळ्या पुस्तकाचं शिसं अडकवून ठेवणं बहुतेक छापखान्यांना परवडण्यासारखं नव्हतं.

म्हणजे पुस्तक छापून झाल्यावर त्याची जुळणी शिल्लकच राहत नसे. दुसरी आवृत्ती काढायची तर पहिल्या अक्षरापासून पुन्हा जुळणी आणि पुन्हा मुद्रितशोधन. जुन्या पुस्तकांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगवेगळ्या चुका सापडतात त्याचं हे एक मोठं कारण. ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून होणारी छपाई, आल्यावर जुन्या प्रतीच्या पानांचे फोटो काढून त्यांवरून प्लेट बनवता येऊ लागली. पण ते पानाचं चित्र होतं. त्यात एक शब्द बदलायचा म्हटलं तरी कापाकापी आणि चिकटवाचिकटवी करावी लागायची.

खरा फरक पडला तो संगणकावरच्या जुळणीने, म्हणजे डीटीपीने. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम पसरत गेलं आणि पुणे त्याचं मोठं केंद्र झालं. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं मोठं काम सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या जिस्ट गटाने केलं. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं श्रीलिपी हे फॉण्टचं सॉफ्टवेअर छापखान्या-छापखान्यांत पोचलं. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीच्या फॉण्टने पानं लावणारे डीटीपी ऑपरेटर गावोगावी उभे राहिले. मराठी प्रकाशनात नंतर जी भरभराट दिसली तिच्यामागे या लोकांचे श्रम आहेत. आता पुस्तक फ्लॉपीवर आणि पुढे सीडीवर ठेवता येत होतं, दुसऱ्या आवृत्तीला जुळणीचा खर्च उरला नव्हता.

पण याच टप्प्यावर एक गाठ बसली. ती जरा सावकाश सोडवू.

संगणकाला कसं कळतं की हा 'क' आहे?

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर हे आधी ठरवून घ्यावं लागतं. इंग्रजीसाठी ते फार पूर्वी ठरलं होतं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं राष्ट्रीय मानक १९९१ साली पक्कं झालं. पण पानं लावायची सॉफ्टवेअरं परदेशी होती. त्यांना एका फॉण्टमध्ये फार तर २५६ जागा माहीत होत्या आणि त्या रोमन अक्षरांसाठी होत्या.

यावर फॉण्ट बनवणाऱ्यांनी व्यवहारी तोड काढली. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले: अर्धा क, काना, वेलांटी, रफार. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचाच होता, फक्त फॉण्टमुळे पडद्यावर मराठी दिसायचं. ज्याच्याकडे तो फॉण्ट नाही त्याने फाइल उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसायची. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाच्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्याच्या फॉण्टमध्ये वाचता येत नसे.

'निर्मिती' हा शब्द घ्या. जुन्या फॉण्टमध्ये तो साधारण डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जायचा: आधी पहिली वेलांटी, मग न, मग दुसरी वेलांटी, मग म, त्यावरचा रफार, मग त आणि दीर्घ वेलांटी. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला आकडा देणारं मानक. त्यात तोच शब्द आपण उच्चारतो त्या क्रमाने साठतो: न, त्याची वेलांटी, र, हलन्त, म, त्याची वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. म्हणजे जुनी फाइल युनिकोडमध्ये आणायची तर फक्त चिन्हांच्या जागी चिन्हं बदलून भागत नाही, वेलांटी मागे न्यावी लागते आणि रफार उचलून अक्षराच्या आधी ठेवावा लागतो. हे काम करणारी परिवर्तक सॉफ्टवेअरं आहेत आणि ती बरीचशी बरोबर चालतात. पण तीनशे पानांच्या पुस्तकात 'बरीचशी बरोबर' याचा अर्थ शेकडो चुका असाही होऊ शकतो.

'दुसऱ्या' मधल्या आडव्या रेघेच्या अर्ध्या र ने तर भल्याभल्यांना दमवलं आहे. परिवर्तनात तो कधी 'दुसर्या' होतो, म्हणजे रेघ जाऊन 'या'वर रफार चढतो. आणि बरोबर आला तरी युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला वेगळा ऱ वापरतात, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द असतात. सॉफ्टवेअरमध्ये खास सोय केलेली नसेल तर एका पद्धतीने शोधल्यावर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं सापडत नाही. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. तोवर जो तो आपापल्या युक्तीने ते लिहीत होता.

युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. विंडोजसोबत येणारा मंगल हा फॉण्ट अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी घडवला आणि त्यामुळे सामान्य माणसाच्या संगणकावर मराठी दिसू लागलं. पण पुस्तकाची पानं लावणारं सॉफ्टवेअर बराच काळ मागेच राहिलं. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड देवनागरी येत नव्हतं. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय २०१२ साली, सीएस ६ या आवृत्तीत आली. मधल्या सगळ्या काळात ईमेल युनिकोडमध्ये आणि पुस्तकं जुन्या फॉण्टमध्ये अशी फाटाफूट राहिली. यासाठी प्रकाशकांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं, त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. २०१२ नंतरही जुन्याच फॉण्टमध्ये नवी पुस्तकं लावत राहणं मात्र समजण्यापलीकडचं आहे, आणि ते आजही काही ठिकाणी चालू आहे. मुक्त परवान्याचे चांगले युनिकोड फॉण्ट आता उपलब्ध आहेत. 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' आहे, आयआयटी मुंबईचा 'शोभिका' आहे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर त्यांची सोय असलेला फॉण्टही निवडता येतो.

किती प्रती छापायच्या?

आता छपाईकडे येऊ. ऑफसेटमध्ये आधी प्लेट बनवाव्या लागतात, यंत्र लावून घ्यावं लागतं, सुरुवातीचे काही कागद वाया जातात. हा खर्च दहा प्रतींसाठी जितका तितकाच हजार प्रतींसाठी. त्यामुळे मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढायची पद्धत पडली. डिजिटल छपाईत प्लेट नसते, फाइल थेट यंत्रात जाते. एक प्रत छापा की शंभर, प्रत्येक प्रतीचा खर्च जवळपास तेवढाच.

हिशेब समजावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. समजा एका पुस्तकाच्या पुनर्मुद्रणाला ऑफसेटचा सुरुवातीचा खर्च १५,००० रुपये आणि पुढे प्रतीमागे ५० रुपये येतो. डिजिटलला सुरुवातीचा खर्च काही नाही, पण प्रत ११० रुपयांना पडते. शंभर प्रती काढल्या तर ऑफसेटची प्रत २०० रुपयांना पडते, डिजिटलची ११० ला. अडीचशे प्रतींवर दोन्ही सारखे. हजार प्रतींवर ऑफसेटची प्रत ६५ रुपयांवर येते आणि डिजिटल ११० वरच राहते. खरे आकडे कागद, आकार आणि शहर यांप्रमाणे बदलतील, गणिताचा आकार हाच राहील.

वर्षाला साठ प्रती खपणाऱ्या पुस्तकाच्या हजार प्रती छापणं म्हणजे सोळा वर्षांचा माल गोदामात भरणं. पैसा अडकतो, कागद पिवळा पडतो, वाळवीची भीती. म्हणून अशी पुस्तकं प्रकाशक पुन्हा काढतच नसत. आता पन्नास प्रती काढता येतात, त्या खपल्या की आणखी पन्नास. कवितासंग्रह, बोलीभाषांतलं लेखन, स्थानिक इतिहास, संशोधनग्रंथ अशा मोजक्या पण टिकून राहणाऱ्या मागणीच्या पुस्तकांसाठी याहून मोठा बदल दुसरा कुठलाच नाही. अमेरिकेत लायटनिंग प्रिंट या कंपनीने मागणीनुसार एकेक प्रत छापायची पद्धत १९९७ साली व्यवसाय म्हणून सुरू केली. आपल्याकडेही आता पुण्या-मुंबईत अशी छपाई सहज होते.

अट एकच: फाइल हवी. दुकानदार "संपलंय" म्हणतो तेव्हा त्यामागे बरेचदा हेच असतं. सीडी चालत नाही, पेजमेकर नव्या संगणकावर नाही, डीटीपी करणाऱ्याने व्यवसाय बंद केलाय आणि शेवटची पीडीएफ कोणी ठेवलीच नाही. पन्नास प्रतींसाठी सगळं पुस्तक नव्याने टाइप करून तपासणं कोणाला परवडणार?

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभर प्रतींची 'पाचवी आवृत्ती' आणि अकराशे प्रतींची पाचवी आवृत्ती यांत मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. छपाई स्वस्त आणि सोपी झाल्यामुळे लेखकाच्याच पैशाने पुस्तक काढून देणारेही वाढले. स्वतः पैसे घालून पुस्तक काढण्यात काहीच वावगं नाही. पण अशा पुस्तकांत सगळ्यात आधी गाळला जातो तो संपादक आणि त्याच्या पाठोपाठ मुद्रितशोधक. छपाईत वाचलेला पैसा या दोघांकडे जायला हवा होता. तसं फारसं झालेलं नाही, आणि त्याची किंमत वाचक पानोपानी मोजतो आहे.

फोनवरचं पुस्तक

ई-बुक दोन जातींचं असतं. पीडीएफमध्ये छापील पान जसंच्या तसं असतं. फोनवर ते बारीक दिसतं, मोठं केलं की ओळी पडद्याबाहेर जातात. ईपबमध्ये पान ठरलेलं नसतं. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मांडल्या जातात, रात्री पार्श्वभूमी काळी करता येते, शब्द शोधता येतो, दृष्टिहीन वाचकाला फोन पुस्तक वाचून दाखवू शकतो. या सगळ्यासाठी मजकूर युनिकोडमध्येच असावा लागतो. जुन्या फॉण्टमधल्या पुस्तकाची पीडीएफ डोळ्यांना वाचता येते, पण फोनने ती वाचून दाखवायची म्हटलं तर नुसती चिन्हांची बडबड ऐकू येते.

ॲमेझॉनने किंडल या आपल्या ई-बुक सेवेवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आणली. तिथे लेखक स्वतःही पुस्तक टाकू शकतो. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर त्यांच्या खास योजनेत सामील व्हावं लागतं आणि त्या मुदतीत ते ई-बुक इतरत्र कुठेही देता येत नाही. एरवी ३५ टक्के. छापील पुस्तकावर लेखकाला साधारण दहा-पंधरा टक्के मिळतात हे पाहता दोन्ही आकडे मोठे वाटतात, पण मराठी ई-बुकांच्या किमती कमी असतात आणि प्रसिद्धीचं सगळं काम लेखकाच्याच अंगावर पडतं. त्याआधीपासून पुण्याच्या बुकगंगाने छापील आणि ई-पुस्तकं एकत्र विकायला सुरुवात केली होती. न्यू जर्सीत किंवा सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसासाठी हा मोठा दिलासा ठरला, कारण तिकडे पुस्तक मागवायचं तर टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त व्हायचा.

अनेक प्रकाशक ई-बुक काढत नाहीत, चोरीच्या भीतीने. भीती खोटी नाही. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमुळे लेखक-प्रकाशकाच्या पोटावर पाय येतो. पण त्या पीडीएफ जरा जवळून पाहा: वाकडी पानं, कडेला अंगठ्याची सावली, मध्ये ग्रंथालयाचा शिक्का. त्या छापील पुस्तकाचे फोटो काढून बनवलेल्या आहेत. ई-बुक न काढल्याने चोरी थांबत नाही. पैसे देऊन घ्यायला तयार असलेल्या वाचकाला मात्र रास्त वाट उरत नाही.

ऑडिओबुकाची गोष्ट वेगळी झाली. स्टोरीटेल हे ऑडिओबुकांचं ॲप २०१७ साली भारतात आलं तेव्हा इंग्रजी आणि हिंदीसोबत मराठीही होती. ध्वनिमुद्रणाला फॉण्टची अडचण नसते. वाचक-कलाकार छापील प्रत हातात घेऊन वाचू शकतो. नाट्यवाचन आणि कथाकथनाची आपली परंपरा, उत्तम आवाजांची उपलब्धता आणि लोकलमध्ये कानात हेडफोन घालून उभी असलेली माणसं हे सगळं जुळून आलं. माझ्या मते मराठीत ई-बुकापेक्षा ऑडिओ लवकर रुजलं ते यामुळे.

सापडलं तर विकलं जाईल

विक्रीत बदल मोठा आहे, पण समजायला सोपा. पूर्वी पुस्तक वितरकाकडे, तिथून दुकानात, आणि पैसे उधारीवर. वितरणाच्या सवलतीत किमतीचा मोठा हिस्सा जायचा, अजूनही जातो. आता लहान प्रकाशक फेसबुकवर मुखपृष्ठ टाकतो, यूपीआयने पैसे घेतो आणि दुसऱ्या दिवशी कुरिअर करतो. आपला वाचक कोण आणि कुठल्या गावचा हे त्याला पहिल्यांदाच कळतं आहे.

ऑनलाइन दुकानात पुस्तक चाळता येत नाही, म्हणून त्याची माहिती नीट भरणं हे विक्रीचंच काम आहे. लेखकाचं नाव एकदा आद्याक्षरांसह, एकदा पूर्ण, एकदा रोमनमध्ये असं विखुरलं की एकाच लेखकाची पुस्तकं तीन ठिकाणी जातात. नाव देवनागरी आणि रोमन दोन्हींत, ठरलेल्या एकाच रूपात, सोबत आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), पृष्ठसंख्या, विषय आणि दोन परिच्छेदांचा परिचय एवढं करायला अर्धा तास पुरतो.

मजकूर शोधण्याजोगा झाला की काय होतं, याचं उत्तम उदाहरण मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला सुरू झालेलं हे काम वीस खंडांचं. पूर्वी त्यातली नोंद पाहायची तर ग्रंथालय गाठून जाडजूड खंड काढावा लागे. युनिकोडमध्ये महाजालावर आल्यापासून नववीतल्या मुलीने 'भरती-ओहोटी' शोधलं तरी तिच्या फोनवर विश्वकोशाची नोंद येऊ शकते.

जुन्या पुस्तकांसाठी अजून एक वाट आहे. स्कॅन करायचं आणि चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआर सॉफ्टवेअरकडून मजकूर काढायचा. देवनागरीत हे आता बरंच जमतं, तरी घ-ध, ब-व, भ-म यांची गल्लत होते आणि अनुस्वार गळतात. म्हणून शेवटी माणसाचे डोळे लागतातच. मराठी विकिस्रोत या महाजालावरच्या मुक्त ग्रंथसंग्रहात स्वयंसेवक हेच काम पानापानाने करत आहेत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांसाठी खुलं झालं. 'श्यामची आई' आज अनेक प्रकाशकांकडून स्वस्तात मिळते ती त्यामुळे.

करारात काय लिहून घ्यावं

लिहिणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर सांगतो. स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं त्याचे हक्क, करारात तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर, प्रकाशकाकडे जात नाहीत. हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेलंच नसेल तर कायदा ती मुदत पाच वर्षांची धरतो. म्हणून छापील, ई-बुक, ऑडिओ आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे लिहावेत, प्रत्येकाची मुदत आणि मानधन वेगळं ठरवावं.

जुन्या करारांत एक चांगलं कलम असायचं: आवृत्ती संपल्यावर अमुक महिन्यांत नवी काढली नाही तर हक्क लेखकाकडे परत. मागणीनुसार छपाई आल्यापासून हे कलम निरुपयोगी झालं आहे, कारण कागदोपत्री पुस्तक कधी संपतच नाही. त्याऐवजी विक्रीचा आकडा लिहून घ्यावा, उदाहरणार्थ सलग दोन वर्षं वर्षाला २५ पेक्षा कमी प्रती गेल्या तर हक्क परत. आणि त्याच्याच खाली आणखी एक ओळ: प्रत्येक आवृत्तीनंतर महिन्याभरात अंतिम दुरुस्त्या झालेली युनिकोड फाइल आणि छपाईची पीडीएफ लेखकाला मिळेल. प्रकाशक चांगला असेल तर तो याला हरकत घेणार नाही. घेतली तर कारण विचारावं, आणि फाइल तयार करण्याचा खर्च वाटून घ्यायची तयारीही दाखवावी.